नातीवर आळ घेण्याआधी बिल वाचा

पत्र : मी इचलकरंजीला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. घरी आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला. त्यानंच गेल्या वर्षी मे महिन्यात फायबरचं नेट घेऊन दिलं. दरमहा ५८९ रुपये आमच्या यांच्या कार्डावरून परस्पर जायचे, आम्ही कधी बिल उघडूनही पाहिलं नाही. यंदा मे महिन्यात नात सुट्टीला आली होती, दिवसभर टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर काहीतरी चालू असायचं. मध्येच बँकेनं एटीएम कार्ड बदललं, त्या गडबडीत होतो, आणि महिनाअखेरीस नेट अचानक बंद पडलं. यांनी लगेच पैसे भरले. आणि आता जूनचं बिल आलंय १११९ रुपयांचं! यांचं म्हणणं, नातीनं वापर जास्त केला. मला वाटतं, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आमचं वायफाय वापरतात. कंपनीला फोन केला तर म्हणाले, ‘तुमचा प्लॅनच एवढ्याचा आहे.’ आम्ही प्लॅन बदललेलाच नाही. कनेक्शन बंद करून मोबाइलवरच भागवावं का? मे आणि जूनची बिलं सोबत जोडली आहेत.

उत्तर :

नमस्कार बाई,

आधी निकाल सांगते, कारणं मग. नात सुटली आणि वरचे भाडेकरूही सुटले. निदान ‘जास्त नेट वापरलं’ या आरोपातून तरी. नातीबद्दल एक बारीकशी शंका उरते, तिच्याकडे नंतर येते.

काकांच्या मनातली भीती जुनी आहे आणि एके काळी ती खरीही होती. टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड यायचं तेव्हा महिन्याचा डेटा मोजून मिळायचा आणि त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे पडायचे. रात्री दोननंतर वापर फुकट म्हणून कॉलेजची पोरं गजर लावून डाउनलोड करत बसायची. तुमचा आताचा प्लॅन तसा नाही. बिलावर ‘अनलिमिटेड’ लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात ३३०० जीबीची मर्यादा दिली आहे. ही मर्यादा ओलांडली तर वेग कमी होतो, बिल वाढत नाही. आणि ३३०० जीबी म्हणजे किती? चांगल्या प्रतीचा व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो. टीव्ही महिनाभर रात्रंदिवस, एक मिनिट बंद न करता चालू ठेवला तरी ७२० तासांचे २१६० जीबी होतात. एवढं करूनही नातीला मर्यादा गाठता आली नसती. भाडेकरू खरोखर तुमचं वायफाय वापरत असतील तर पासवर्ड जरूर बदला. त्यांच्या उचापतींची जबाबदारी तुमच्यावर येऊ नये म्हणून बदला, बिल कमी होईल म्हणून नको.

आता बिलं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि खालचा एकूण आकडा हातानं झाका. तो आकडा पाहिला की राग येतो आणि वरच्या ओळी वाचायच्या राहून जातात.

मेच्या बिलात पहिली ओळ आहे महिन्याच्या भाड्याची : ७९९ रुपये. होय, मे महिन्यातही ७९९च होते! त्याखाली ‘प्रोमो डिस्काउंट’ म्हणून ३०० रुपये वजा केलेत. राहिले ४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी ८९ रुपये ८२ पैसे, एकूण ५८८.८२. हेच तुमचे ५८९.

जूनच्या बिलात भाडं तेच, ७९९. पण वजाबाकीची ओळ गायब आहे. तिच्या जागी दोन नव्या ओळी आल्यात : ‘ॲड-ऑन पॅक’ ९९ रुपये आणि ‘लेट पेमेंट फी’ ५० रुपये. बेरीज ९४८, जीएसटी १७०.६४, एकूण १११८.६४.

म्हणजे एका महिन्यात ५२९ रुपये ८२ पैसे वाढले आणि त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जीएसटी धरून सवलत गेल्याचे ३५४, ॲड-ऑनचे ११६.८२ आणि उशिराचे ५९. तिन्हींचं कारण वेगळं आणि तिन्हींवरचा उपायही वेगळा. तुम्ही फोन करून ‘बिल का वाढलं?’ असं विचारलंत आणि समोरच्या मुलानं त्यातल्या सगळ्यांत मोठ्या ओळीचं उत्तर देऊन फोन ठेवला. तो खोटं बोलला नाही. पण उरलेल्या १७५ रुपयांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

जीएसटीचं आधी उरकते. दूरसंचार सेवेवर १८ टक्के कर जुलै २०१७पासून आहे. बिलात तो राज्याचा ९ आणि केंद्राचा ९ असा दोन ओळींत दिसतो, म्हणून दोनदा लावल्यासारखा वाटतो, तसं नाही. त्यावर घासाघीस होत नाही. फक्त जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा कराआधीचा असतो हे ध्यानात ठेवा. ३९९चा प्लॅन घरी येईपर्यंत ४७१चा होतो. आणि दंडाच्या रकमेवरही कर लागतो, म्हणून ५०चे ५९ झाले.

सर्वांत मोठी ओळ म्हणजे ती गेलेली सवलत. तुमचा प्लॅन पहिल्यापासून ७९९चाच होता. मुलानं घेतला तेव्हा बहुधा बारा महिन्यांसाठी ३०० रुपये सूट होती आणि ती मेच्या बिलाबरोबर संपली. नव्या गिऱ्हाइकाला वर्षभर स्वस्तात द्यायचं, तोवर त्याला सवय लागते, मग पूर्ण दर लावायचा, हा या धंद्याचा उघड रिवाज आहे. माझ्या मते यात बेकायदा काही नसलं तरी सभ्यपणाही फारसा नाही. सूट संपते आहे हे बिलाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापायला काय जातं? एसएमएस आला असेलच. पण कनेक्शन मुलाच्या नावावर, नोंदणीचा मोबाइल नंबर त्याचा, त्यामुळे तो पुण्यात त्याच्या फोनवर, शंभर जाहिरातींच्या ढिगात पडला असणार. त्याला ‘ऑफर’ किंवा ‘डिस्काउंट’ हा शब्द टाकून जुने मेसेज आणि ईमेल शोधायला सांगा. सुरुवातीच्या ईमेलमध्ये ‘बारा महिने’ असं लिहिलेलं असेल तर वाद मिटला. चोवीस महिने लिहिलं असेल, किंवा कालावधीच दिला नसेल, तर मात्र तो ईमेल जपून ठेवा. तो तुमच्या हातातला पुरावा आहे.

सूट संपली म्हणून ७९९ भरत राहायला हवं असंही नाही. तुमच्या बिलावर वेग १०० एमबीपीएस लिहिलाय. दोघांच्या घरात रोजचा वापर काय, तर संध्याकाळच्या मालिका, मुलाशी व्हिडिओ कॉल, काकांचं यूट्यूबवरचं कीर्तन. पूर्ण एचडी चित्रपटाला ५ एमबीपीएस पुरतात, मोठ्या फोर-के टीव्हीला १५. तीस-चाळीस एमबीपीएसचा प्लॅन तुम्हाला सुट्टीत नात आली तरी कमी पडणार नाही. १०० एमबीपीएस हा चार माणसं एकाच वेळी ऑफिसचं काम करतात अशा घराचा वेग आहे. मुलानं हौसेनं घेतला, त्याचं कौतुक आहे, पण दरमहा पैसे तुमच्या पेन्शनमधून जातात.

तेव्हा फोन करा आणि ‘बिल’ या पर्यायाऐवजी ‘कनेक्शन बंद करणे’ हा पर्याय निवडा. मराठीचा पर्याय बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असतो, उगाच हिंदीशी झटापट नको. बंद करायचं म्हटलं की फोन सहसा वेगळ्या माणसांकडे जातो, ज्यांचं कामच गिऱ्हाईक टिकवणं असतं आणि सूट देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे असतो. त्यांना शांतपणे सांगा : सूट संपली, ७९९ आम्हाला जड आहेत, नव्या ग्राहकाला आज जो दर देता तो आम्हाला द्या, नाहीतर खालच्या प्लॅनवर न्या. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही तर कंपनी आहे. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरा, एक-दोन महिने फुकट देतो, असंही ते म्हणतील. दुरुस्तीला माणूस वेळेवर येत असेल, तुमच्या गल्लीत तार वरचेवर तुटत नसेल, तरच ते घ्या. एकदा पैसे आगाऊ दिले की फोनवरचा तुमचा वजनदार आवाज निम्मा होतो.

प्लॅन बदलताना तो पुढच्या बिलाच्या तारखेपासून लागू करायला सांगा. भाडं आगाऊ आकारलेलं असतं. महिन्याच्या मध्येच बदल केला तर पुढच्या बिलात जुन्या प्लॅनचे काही दिवस, नव्याचे काही दिवस, परत दिलेली रक्कम, अशा चार-पाच तुकड्यांची खिचडी होते आणि मग तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

आता ९९ रुपयांचा ॲड-ऑन. हा चित्रपट-मालिकांच्या ॲपचा संच आहे आणि नातीबद्दलची ती बारीक शंका इथे येते. असे संच पहिला महिना फुकट म्हणून टीव्हीच्या पडद्यावर झळकतात. रिमोटवरचं एक बटण दाबलं की सुरू होतात आणि महिना सरला की बिलात शिरतात. तिनं दाबलं असेल, काकांनी दाबलं असेल, किंवा कुणीच दाबलं नसेल. नातीला फोन करून विचारा, पण उलटतपासणी नको. खात्रीचं उत्तर कंपनीकडेच मिळेल : हा पॅक कोणत्या तारखेला, कुठून सुरू झाला, टीव्हीवरून, ॲपमधून की फोनवरून, आणि संमती कुणी दिली? एवढेच प्रश्न, आणि उत्तर ईमेलवर मागा. समाधानकारक उत्तर नसेल तर पैसे परत मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ग्राहकाला चकवण्याचे १३ प्रकार त्यात नावानिशी दिलेत. न मागितलेली वस्तू बिलात सरकवणं हा त्यातला एक आणि वर्गणी रद्द करण्याची वाट दडवून ठेवणं हा दुसरा. फोनवर ‘डार्क पॅटर्न’ हा शब्द एकदा उच्चारून पाहा, आवाजात फरक पडतो असा माझा अनुभव आहे. कुणी चुकून बटण दाबलं असेल तर मात्र या महिन्याचे पैसे सोडून द्या आणि पॅक आजच बंद करा.

उरले उशिराचे ५० रुपये. याचं उत्तर तुम्ही पत्रात जाता जाता स्वतःच लिहून गेलात. बँकेनं कार्ड बदललं! परस्पर पैसे कापायची परवानगी जुन्या कार्डाला जोडलेली होती. कार्ड गेलं तशी ती परवानगीही गेली, मेचं बिल भरलंच गेलं नाही आणि नेट बंद पडलं. काकांनी लगेच पैसे भरले, पण ‘लगेच’ म्हणजे मुदतीनंतरच. हा दंड रीतसर आहे. तरीही वर्षभर वेळेवर पैसे भरणाऱ्याला पहिल्या खेपेस तो माफ करतात, विनंती करावी लागते इतकंच. नव्या कार्डावर किंवा यूपीआयवर परवानगी पुन्हा द्यावी लागेल. देताना रकमेची कमाल मर्यादा ठरवता येते, ती प्लॅनच्या रकमेच्या थोडीच वर ठेवा, पाच हजार वगैरे नको. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी रकमेसह सूचना यावी लागते. ती काकांच्या फोनवर येईल. ती वाचायची सवय लागली तर पुढचं जास्तीचं बिल पैसे जायच्या आधी कळेल.

कामाची एक गोष्ट. फोन करण्याआधी मुलाशी बोलून घ्या, कारण प्लॅन बदलायचा तर ओटीपी त्याच्या नंबरवर जाणार. तुमचा नंबर दुसरा म्हणून जोडून घ्यायला सांगा, किंवा कंपनीचं ॲप तुमच्या फोनवर त्याच्या ओटीपीनं उघडून घ्या. आणि कस्टमर केअरचा नंबर बिलावरूनच घ्या, गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरलेले असतात. ‘बिल थकलंय, आज लाइन कापतो, हे ॲप टाका’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या, आणि पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तक्रार ऐकली नाही तर? फोनवर प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक मागून वहीत तारखेसह लिहा. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार म्हणजे नुसत्या गप्पा. बिल दुरुस्त होईपर्यंत मुदत संपत आली तर पैसे भरून टाका, पण क्रमांक घेतल्यानंतर. भरले म्हणजे मान्य केलं असं होत नाही. निर्णय पटला नाही तर कंपनीतच अपील अधिकारी असतो, त्याचा पत्ता संकेतस्थळावर दिलेला असतो. ३० दिवसांत अपील करायचं, पैसे पडत नाहीत, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ही पद्धत दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१२च्या नियमांतली आहे. खुद्द ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र लिहिण्यात वेळ दवडू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ जास्त उपयोगी पडते.

त्याहून पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. फोन आणि नेटच्या बिलाचे वाद तिथे चालत नाहीत, असं कंपन्या बरीच वर्षं सांगत होत्या, त्याला जुन्या टेलिग्राफ कायद्याचा आधार देत होत्या. अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाला दरमहा सरासरी ५५५ रुपये बिल यायचं, त्याला एकदम २४,६०० रुपयांच्या वर बिल आलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, असे वाद ग्राहक आयोगापुढे चालतात. आता तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापूरला करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, अर्ज ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या भरता येतो. तुमच्या १७५ रुपयांसाठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

याच विषयावर केबलवाल्याकडून नेट घेणाऱ्यांचीही पत्रं येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. तो दारात येऊन रोख नेतो, पावती देत नाही आणि एके दिवशी ‘वरून रेट वाढला’ म्हणतो. वरून म्हणजे कुठून, हे विचारा. बहुतेक वेळा तो एखाद्या कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी असतो. त्या कंपनीच्या ॲपवर तुमचा ग्राहक क्रमांक टाकला की खरा दर आणि खरी मुदत दिसते. महिना तीस दिवसांचा धरलाय का, तेही पाहा. तसा असेल तर वर्षाला बारा नव्हे, बाराहून थोडे जास्त हप्ते पडतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, नेट बंद करून मोबाइलवर भागवावं का. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत टीव्ही चालत नाही, अर्ध्या तासाच्या दोन मालिका एचडीत पाहिल्या की तीन जीबी संपले. टीव्ही केबलवर किंवा डिशवर पाहत असाल आणि नेट फक्त व्हॉट्सॲप आणि मुलाच्या कॉलपुरतं लागत असेल, तर खुशाल बंद करा, काही अडत नाही. पण तुमचा टीव्ही नेटवर चालतो. मग स्वस्त प्लॅन घेणंच बरं.

बंद करायचं ठरलंच तर नुसते पैसे भरायचे थांबवू नका. भाडं साचत जातं आणि मग वसुलीचे फोन मुलाला येतात. ॲपवरून किंवा ईमेलनं रीतसर अर्ज द्या, राउटरचा डबा त्याच्या अडॅप्टरसकट परत करा, नेणाऱ्याकडून पोच घ्या, आणि सुरुवातीला अनामत भरली होती का ते मुलाला विचारून ती परत मागा. फायबरसोबत लँडलाइन घेतली असेल तर तिचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. नातेवाइकांकडे तोच नंबर असेल तर त्यांना आधी कळवा.